बसलेला आवाज उठवताना

"डॉक्टर, सीझन तोंडावर आलाय, काहीतरी स्ट्राँग द्या." लासलगाव-पिंपळगावच्या बाजूने येणाऱ्या, कांद्याचे लिलाव पुकारणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. त्यातला 'सीझन' घरघरत बाहेर येतो आणि 'द्या' नुसती हवा होऊन जातो. खिशात दोन-तीन चिठ्ठ्या असतात. अँटिबायोटिकचे दोन कोर्स, ॲसिडिटीच्या गोळ्या, एखादं स्टेरॉइडचं इंजेक्शन. घसा मात्र आतून कुणीच पाहिलेला नसतो.

आम्ही दोघं नाशिकमध्ये आवाजाच्या तक्रारी बघतो. एक कान-नाक-घसा सर्जन, एक व्हॉइस थेरपिस्ट. त्या पहिल्या वाक्यापासून माणूस पुन्हा कामाला लागेपर्यंत काय काय होतं, का होतं आणि कुठे हमखास घोटाळा होतो, ते इथे लिहितो आहोत.

उन्हाळ कांद्याची आवक वाढली की पुकारणारा माणूस एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकत, इंजिनांच्या घरघरीत आणि कांद्याच्या पापुद्र्यांच्या धुळीत ओरडत असतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की शिक्षिका येतात, सप्ताहांचा हंगाम संपला की कीर्तनकार, आणि वर्षभर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुपरवायझर. सगळ्यांचं दुखणं एका जातीचं असतं. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्ये नोंदवलं, म्हणून याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. 'मी काही ओरडत नाही हो' असं शिक्षिका अगदी प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना ते कळतच नसतं.

थोडा हिशेब करू. बोलताना बाईच्या स्वरपट्ट्या, म्हणजे स्वरयंत्रातल्या थरथरणाऱ्या दोन घड्या, सेकंदाला साधारण २०० ते २२० वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषाच्या १०० ते १३० वेळा. सहा तासिका घेणाऱ्या शिक्षिकेच्या स्वरपट्ट्या दिवसभरात सगळं मिळून एक तास जरी प्रत्यक्ष थरथरल्या, तरी २२० गुणिले ३,६०० म्हणजे ७ लाख ९२ हजार टकरा झाल्या. ओरडताना टकरा वाढतात आणि प्रत्येक टक्कर जोरातही बसते.

साधी सर्दी-खोकल्याची सूज एक-दोन आठवड्यांत उतरते. ती बहुतेक वेळा विषाणूची असते, त्यामुळे अँटिबायोटिकचा तिला उपयोग नसतो. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर दुर्बिणीने स्वरयंत्र पाहायचं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही मुदत चार आठवड्यांवर आणली, त्याआधी २००९ मध्ये तीन महिने होती. पाहण्याआधी सरसकट स्टेरॉइड किंवा ॲसिडिटीची औषधं देऊ नयेत, हेही त्यात आहे. बिडी, सिगारेट, गुटखा किंवा मिश्री असेल, गिळताना अडकत असेल, मानेत गाठ लागत असेल, कानात ठणकत असेल, थुंकीत रक्त असेल किंवा नुकतंच थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल, तर चार आठवडेही थांबायचं नाही. संध्याकाळचा ताप आणि घटलेलं वजन ऐकलं की छातीचा एक्स-रे आधी काढतो. स्वरयंत्राचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो.

तपासणी कानांनी सुरू होते. आवाज सकाळी वाईट आणि दुपारपर्यंत बरा होत असेल, तर रात्री वर येणाऱ्या आम्लाचा विचार करतो. सकाळी बरा आणि संध्याकाळी फाटत असेल, तर वापराचा. एकाच आरोळीत टचकन गेला असेल, तर स्वरपट्टीतली बारीक रक्तवाहिनी फुटल्याची शंका घेतो. बोलताना आवाजच नाही पण खोकला मात्र खणखणीत, असं असेल तर स्वरपट्ट्या मिटू शकतात हे खोकल्यानेच सांगितलं, मग दुखणं वेगळ्या वाटेने शोधायचं. दम्याचा पंप कोणता आणि तो घेतल्यावर चूळ भरतात का, हा प्रश्न विचारायचा राहतो आणि कधीकधी सगळं उत्तर तिथेच असतं, कारण पंपातलं स्टेरॉइड घशात बसून राहतं.

मग रेकॉर्डिंग. शांत खोली, पंखा बंद, माइक तोंडापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर. पाच सेकंद सरळ 'आ', एक ठरलेला उतारा, आणि एका दमात जमेल तितका लांब 'आ'. निरोगी प्रौढ माणूस हा 'आ' १५ ते २५ सेकंद धरतो. दहाच्या आत संपला तर हवा कुठेतरी निसटते आहे. त्याच्या जोडीला 'स्स्स' आणि 'झ्झ्झ' अशा दोन वेळा मोजतात. पहिल्यात स्वरपट्ट्या स्वस्थ असतात, दुसऱ्यात त्या थरथरतात. दोन्ही वेळा जवळपास सारख्या हव्यात. 'स' हा 'झ'च्या १.४ पटीहून लांबला, तर स्वरपट्ट्या नीट मिटत नसाव्यात. ही चाचणी मराठी माणसावर करताना एक गोची होते. 'झ' म्हणा म्हटलं की तो झाडातला झ म्हणतो. जहाजातला ज म्हणा म्हटलं, तरी सुरुवातीला जिभेचा अडसर बसतो आणि आवाज तुटक निघतो. 'कानाशी डास गुणगुणतो तसं करा' म्हटलं की पहिल्याच फटक्यात बरोबर येतं.

विश्लेषणाला ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं 'प्रात' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फक्त जिटर-शिमरच्या, म्हणजे एका कंपनापासून दुसऱ्यापर्यंत वेग आणि जोर किती डळमळतो त्याच्या, आकड्यांवर भाळू नये. आवाज जवळपास नियमित असेल तेव्हाच त्यांना अर्थ असतो. फार घोगऱ्या आवाजात सॉफ्टवेअरला एक कंपन कुठे संपलं हेच सापडत नाही, तरी ते दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतं. रिपोर्ट छान दिसतो, एवढंच.

आता दुर्बीण. रुग्णाला वाटतं, इथेच मोठं दिव्य आहे. प्रत्यक्षात काम दोन-तीन मिनिटांचं असतं. भरपेट जेवून येऊ नका, एवढीच अट. घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारतो, जीभ गॉजमध्ये धरून पुढे घेतो आणि ७० अंशांची कडक दुर्बीण तोंडातून आत सरकवतो. मग 'ई' म्हणायला सांगतो. जीभ पकडलेली असताना 'ई' निघत नाही, 'ए'सारखं काहीतरी निघतं, पण त्या प्रयत्नात जिभेचं मूळ पुढे सरकतं आणि स्वरयंत्रावरचं झाकण उघडतं. ज्यांना उमासा आवरत नाही, त्यांना नाकातून लवचीक दुर्बीण. भिंग आधी कोमट करून घेतलं नाही तर श्वासाच्या वाफेने चित्र धुरकट होतं. जिवंत माणसाचं बोलतं स्वरयंत्र पाहण्याची ही वाट डॉक्टराने नव्हे, गाणं शिकवणाऱ्याने काढली. मान्वेल गार्सियाने १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचाच गळा पाहिला होता.

साध्या उजेडात मात्र स्वरपट्टीची कड पुसट दिसते. सेकंदाला २०० कंपनं डोळा काय पकडणार? म्हणून स्ट्रोब लागतो. गळ्यावर लावलेला माइक आवाजाची पट्टी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ते मोजतो आणि दिवा तिच्याहून किंचित कमी वेगाने लुकलुकतो. कंपनं २०० आणि लुकलुक १९८.५, तर पडद्यावर सेकंदाला दीड कंपन इतक्या संथपणे लाट दिसते. जुन्या ट्यूबलाइटखाली फिरता पंखा हळूच उलटा फिरताना दिसायचा, तोच प्रकार. पण हे खरं संथ चित्र नसून शेकडो वेगवेगळ्या कंपनांतले तुकडे जोडलेलं असतं. आवाज अगदीच अनियमित असला की माइकला पट्टी सापडत नाही आणि चित्र थरथरतं. आणखी एक फसगत म्हणजे चिकट शेंबडाचा ठिपका स्वरपट्टीच्या कडेवर बसतो आणि गाठीसारखा दिसतो. एक घोट पाणी पाजून पुन्हा पाहायचं. ठिपका हलला, तर ती गाठ नव्हे.

पुस्तकांत 'स्वरतंतू' असतं, ओपीडीत सगळे 'कॉर्ड' म्हणतात. दोन्ही शब्दांनी तार डोळ्यांसमोर येते आणि तिथेच गैरसमज होतो. त्या तारा नाहीत, घड्या आहेत, म्हणून आम्ही स्वरपट्ट्या म्हणतो. १९७०च्या दशकात जपानच्या मिनोरू हिरानो यांनी त्यांचे थर दाखवून दिले. वर पातळ आवरण, त्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग लवचीक तंतूंचा, मग चिवट तंतूंचा, आणि तळाशी स्नायू. आवाज तयार होतो तो वरच्या दोन थरांच्या लाटेतून. तापवलेल्या दुधाचं भांडं हळूच हलवलं की साय कशी खालच्या दुधावर सरकते, तशी ती लाट असते. मऊ थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. साय तळाच्या खरवडीला चिकटली तर हलणार नाही. स्वरपट्टीवर व्रण पडतो, म्हणजे नेमकं हेच होतं.

लाट कुठे थांबते यावर पुढचा निर्णय ठरतो. दोन्ही बाजूंना, पुढच्या एक-तृतीयांशावर समोरासमोर लहान उंचवटे असतील, तर ते नोड्यूल, म्हणजे एका अर्थी हाताला पडतात तसे घट्टे. त्यांना सुरी लावायची घाई करायची नाही. सवयी त्याच राहिल्या तर ते पुन्हा येतात आणि वर व्रण पदरी पडतो. सहा ते आठ सत्रं थेरपी, मग पुन्हा दुर्बीण. एका बाजूचा, देठाचा, लालसर फुगा म्हणजे पॉलिप. लहान असला तर थेरपीने विरतो, मोठा काढावा लागतो. आवरणाखाली मोत्यासारखी गाठ म्हणजे सिस्ट, ती व्यायामाने जात नाही. पांढरा चट्टा दिसला तर तुकडा तपासणीला पाठवायचा. 'गाठ' हा शब्द ऐकला की नातेवाइकांचे चेहरे उतरतात, म्हणून व्हिडिओ त्यांच्यासमोर लावूनच बोलतो.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. पूर्ण भूल, सहा तास उपाशी. भूलतज्ज्ञ नेहमीपेक्षा बारीक, ५ किंवा ५.५ मिलिमीटरची नळी घालतात, कारण श्वासाची आणि सर्जनची वाट एकच असते. वरच्या दातांवर गार्ड बसवतात. हलणारा दात, कॅप, मानेचा स्पॉन्डिलायटिस हे आधी सांगा. मान मागे गेली नाही तर स्वरपट्टीचा पुढचा भाग दिसतच नाही. तोंडातून धातूची नळी बसवून ती छातीवरच्या आधाराला अडकवतात आणि ४०० मिलिमीटरच्या भिंगाच्या मायक्रोस्कोपखाली काम चालतं. रक्त थांबवायला ॲड्रिनलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. गाठीशेजारी बारीक छेद घ्यायचा, आवरण उचलायचं, गाठ सोडवायची आणि आवरण परत बसवायचं. पूर्वी अख्खं आवरणच सोलून काढायची पद्धत होती. त्यातून कायमचे घोगरे झालेले आवाज पुढच्यांना दुरुस्त करावे लागले. आजही चूक होते ती खोलीची. अर्ध्या मिलिमीटरच्या थरात थोडं जास्त खाली गेलं की चिवट थर उघडा पडतो, आणि तिथे आवरण चिकटून बसतं. जीभ काही दिवस बधिर राहणं किंवा चव बदलणं हे त्या नळीच्या दाबामुळे होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं.

अर्ध्या-पाऊण तासात हे सगळं उरकतं. रुग्ण म्हणतो, 'झालं'. आमच्या मते आवाज घडायला इथून सुरुवात होते, आणि तो बिघडतोही इथूनच.

पहिल्या काही तासांत जखमेवर फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची, जाळी बसते आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. हा दाहाचा टप्पा दोन-तीन दिवस जोरात असतो. त्याच सुमारास कडेच्या पेशी सरकत येऊन उघड्या जागेवर आवरण घालू लागतात. मग फायब्रोब्लास्ट पेशी कामाला लागतात. त्या कोलॅजेन हे चिवट तंतूंचं प्रथिन विणतात, पेशींना धरून ठेवणारं फायब्रोनेक्टिन टाकतात. ही घाईची डागडुजी असते. पुढे कित्येक महिने, वर्षापर्यंतसुद्धा, ते कच्चं काम उसवून नीट विणलं जातं. नीट विणलं गेलं तर लाट परत येते. नाही तर कोलॅजेनचे जाड, आडवेतिडवे गठ्ठे राहतात, लवचीकपणा देणारं इलास्टिन कमी पडतं, आणि पाणी धरून ठेवणारं हायलुरोनिक आम्लही नेहमीच्या प्रमाणात उरत नाही. जेलीची जागा चामडं घेतं. हाताच्या कातडीवर एवढासा व्रण कुणाच्या लक्षातही येत नाही. सेकंदाला २०० वेळा सरकायचं असलेल्या पापुद्र्याला जखडायला तो पुरतो.

हे सगळं माणसात पाहणं अवघड आहे. स्वरपट्टी कशी भरून येते हे बघायला तुकडा काढावा, तर त्या तुकड्यानेच नवा व्रण पडणार. म्हणून उंदीर, ससे, कुत्रे. पण त्यांच्या स्वरपट्ट्यांचे थर माणसासारखे नसतात. माणसाच्या बाळालासुद्धा जन्मताना ते चिवट-लवचीक थर नसतात, बोलत-रडत वाढताना ते तयार होतात. वापराने ऊतक घडतं, ही कल्पना इथूनच बळकट होते. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांच्या गटाने २००४ मध्ये असं यंत्र मांडलं, ज्यात स्वरपट्टीच्या पेशी प्रयोगशाळेत ताणत आणि थरथरवत वाढवता येतात. मुद्दा असा की ताण आणि कंपन ही त्या पेशींसाठी सूचना असते.

मग ऑपरेशननंतर गप्प किती दिवस राहायचं? वर्षानुवर्षं उत्तर होतं आठवडा, कुणी दोनही सांगत. क्योतो विद्यापीठातल्या कानेको आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला तीन दिवस मौन, दुसऱ्याला सात, आणि दोघांनाही नंतर थेरपी. तीन दिवसवाल्यांचे आवाज आणि लाटा जास्त चांगल्या निघाल्या. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये कॅथरिन व्हर्डोलिनी ॲबट यांच्या गटाने निरोगी माणसांना मुद्दाम ओरडायला लावलं. मग काहींना गप्प बसवलं, काहींना नेहमीसारखं बोलू दिलं आणि काहींना हलक्या, नाकाशी घुमणाऱ्या स्वरात व्यायाम दिला. दुसऱ्या दिवशी स्वरपट्ट्यांवरच्या स्रावातले दाहाचे घटक मोजले, तर घुमणाऱ्या स्वराच्या व्यायामाचा कल सगळ्यांत चांगला दिसला. दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि दुसऱ्यातल्या लोकांचं ऑपरेशन झालेलंच नव्हतं. तरी दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात: पहिले तीन दिवस शिवू नका, नंतर हलकं हलवा. आम्ही लहान पॉलिपला तीन दिवस देतो. आवरण बरंच उचलावं लागलं असेल तर पाच ते सात. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांनी जखम डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांचं ऐका.

तीन दिवस म्हणजे तीन दिवस. नाशिकच्या चार माणसांच्या घरात हे जितकं वाटतं तितकं सोपं नाही. फोन वाजला की 'हॅलो' आधी निघतं, भान नंतर येतं, म्हणून फोन दुसऱ्याच्या ताब्यात. मान हलवताना सोबत 'हं' निघतो, तोही आवाजच. भेटायला येणारे 'बोलू नका, नुसतं ऐका' म्हणत तासभर प्रश्न विचारतात. दाराला पाटी लावा. कुजबुजणं चालेल का, असं सगळे विचारतात. २००६ मधल्या एका तपासणीत १०० पैकी ६९ जणांनी कुजबुजताना स्वरयंत्र जास्तच आवळलं होतं. तेव्हा तेही नको. खाकरणं तर नकोच, ती सरळ थप्पड आहे. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा आणि हनुवटी खाली करून गिळायचा. लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच: जड ओझं उचलताना आणि शौचाला कुंथताना स्वरपट्ट्या गच्च मिटतात. द्राक्षाचे क्रेट, सिलिंडर आठवडाभर बंद. बद्धकोष्ठ होणाऱ्यांना इसबगोल आधीच सुरू करतो. बागेत गंधकाची धुरळणी चालू असेल तर तिकडे फिरकायचं नाही.

ज्येष्ठमध चघळू का, हा मायेने विचारलेला प्रश्न. चघळलेलं, प्यालेलं काहीही स्वरपट्टीला लागत नाही. ते तिच्या मागच्या अन्ननलिकेतून जातं, आणि लागलंच तर ठसका लागतो. घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, एवढा उपयोग. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध रोज नको, तो वाढतो. पाणी प्यायचं ते शरीरातून स्वरपट्टीपर्यंत ओल पोचावी म्हणून, त्याला वेळ लागतो. लघवी फिकट राहील इतकं पुरे. वाफ मात्र थेट पोचते. साधी वाफ, पाच-दहा मिनिटं, बाम न घालता. निफाडकडच्या कोरड्या थंडीत तर ती घ्याच.

चौथ्या दिवशी स्ट्रॉ हातात येतो. पेल्यात पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात २-३ सेंटिमीटर, ओठ घट्ट, गाल सैल, आणि 'ऊ'चा हलका आवाज काढत बुडबुडे. बुडबुडे सारखे यायला हवेत. ते थांबून थांबून आले तर श्वास ढकलला जातो आहे. मध्येच नाक चिमटून पाहायचं. आवाज बदलला तर हवा नाकातून पळते आहे. स्ट्रॉ फार खोल बुडवला तर जोर लागतो, ताज्या जखमेला तो नको. कागदी स्ट्रॉ दोन मिनिटांत लिबलिबीत होतो. त्यापेक्षा ३५ सेंटिमीटर लांब, आतून ९-१० मिलिमीटरची सिलिकॉनची नळी घ्या. फिनलंडच्या मार्केटा सिह्वो यांनी रूढ केलेल्या 'लॅक्स व्हॉक्स' पद्धतीत अशीच नळी असते. पाण्याचा उलटा दाब स्वरपट्ट्यांना एकमेकींपासून किंचित दूर ठेवतो. त्या थरथरतात पण आपटत नाहीत, आणि आम्हाला हवं ते नेमकं हेच.

आमचं मोजमाप असं. चौथ्या दिवसापासून स्ट्रॉ ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा. बोलणं तासाला जास्तीत जास्त ५ मिनिटं, तेही हाताच्या अंतरावरच्या माणसाशी. दुसऱ्या आठवड्यात तासाला १०, तिसऱ्यात १५ ते २०. स्ट्रॉ सुटला की मकार. ओठ मिटून 'म्' घुमवायचा, नाकाच्या हाडावर आणि ओठांत गुणगुण जाणवली पाहिजे, गळ्यात नाही. ती जाणवली की शब्द: मनमाड, मालेगाव, मखमलाबाद, म्हसरूळ. एसटीच्या पाट्या वाचल्यासारखं होतं आणि लोक हसतात, पण हसताना गळा सैल पडतो. मग वाक्यं, मग फोनवरचं बोलणं, मग वर्ग. ओरडणं, गाणं, लिलाव सहा आठवड्यांच्या आत नाही.

घोटाळा होतो तो दहाव्या-बाराव्या दिवशी. आवाज छान लागतो, दुखत तर कधीच नव्हतं. स्वरपट्टी दुखून सांगत नाही. मग घरच्या कार्यात कुणीतरी मंगलाष्टक म्हणायला उभं करतं. आवरण वरून भरलेलं असतं, खाली कच्चं विणकाम चालू असतं. त्या रात्रीच्या घोगरेपणाला आम्ही पुन्हा दोन दिवस मौन आणि लगेच दुर्बीण देतो. रक्त उतरलेलं दिसलं तर वेळापत्रक पहिल्यापासून.

कामावर परत जाताना फक्त 'जपून बोला' म्हणून भागत नाही. अमेरिकेतले आवाजाचे अभ्यासक नेल्सन रॉय यांनी २००२ मध्ये आवाजाची तक्रार असलेल्या शिक्षकांवर हे तपासलं. नुसती पथ्यं सांगितलेल्यांपेक्षा कमरेचा छोटा स्पीकर आणि माइक वापरणाऱ्यांना जास्त फायदा झाला. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, २-३ सेंटिमीटरवर. समोर धरला तर फुस्स आवाज येतो, लांब ठेवला तर माणूस पुन्हा ओरडतो. मुख्याध्यापकांना वाटतं शिक्षिका नाटकं करते, म्हणून चिठ्ठीत 'उपचाराचा भाग' असं स्पष्ट लिहून देतो. बाजारात अडचण निराळी. हातात माइक आला की व्यापाऱ्याकडे बोट दाखवायला हात उरत नाही. डोक्याला लावायचा माइक आणि खिशात भरलेली जादा बॅटरी, हा तोडगा टिकतो.

दुर्बीण आठव्या दिवशी, मग एका, तीन आणि सहा महिन्यांनी. तीन महिन्यांनीही एखादा तुकडा लाटेत हलत नसेल तर तो व्रण. घाईने पुन्हा कापायचं नाही, सहा महिने ते वर्ष थांबायचं, थेरपी चालू ठेवायची. काहींना त्या जागी स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात. जपानमध्ये वाढ घडवणाऱ्या प्रथिनांवर, विशेषतः बीएफजीएफवर, बरंच काम झालं आहे. आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नेथन वेलहॅम यांच्या गटाने माणसाच्या स्वरपट्टीच्या पेशी कोलॅजेनच्या जाळीवर दोन आठवडे वाढवून आवरण तयार केलं. शरीराबाहेर काढलेल्या कुत्र्याच्या स्वरयंत्रात ते बसवून दमट हवा सोडली, तर ते थरथरलं आणि आवाज निघाला. ते काम प्रयोगशाळेतलं. पिंपळगावच्या आपल्या माणसाला आज उपयोगी पडते ती सिलिकॉनची नळी.

सहाव्या महिन्यात तोच उतारा, तोच माइक, तेच अंतर. आवाजामुळे रोजचं काय अडतं हे विचारणारी दहा प्रश्नांची यादी पुन्हा भरून घेतो. चाळीसपैकी ११ हून जास्त गुण म्हणजे अजून अडतंय. कधी कागदावरचे आकडे सुधारलेले असतात आणि माणूस मात्र म्हणतो, 'वरच्या पट्टीत जात नाही.' तेव्हा माणसाचं खरं धरतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा स्ट्रोब करतो. ताठर तुकडा नेमका तिथे सापडतो, कारण नेहमीच्या पट्टीत तो आजूबाजूच्या लाटेत लपलेला असतो.

आणि दुसऱ्या गावी दाखवायला जाणार असाल, तर नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. त्यावरचे चार फोटो श्वास घेतानाचे आहेत की बोलतानाचे, हेही पुष्कळदा कळत नाही. व्हिडिओची मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको, ती दाबली जाऊन लाटेची कड पुसली जाते. फाइलच्या नावात तारीख आणि ऑपरेशनच्या आधीचा की नंतरचा, एवढं लिहा.